सिंटर्ड सिलिकॉन कार्बाइड आणि कार्बन कॉम्पोझिट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेकॅनिकल सीलच्या (पंपाच्या फिरत्या शाफ्टपाशी लिक्विड गळू नये म्हणून बसवतात त्या सीलच्या) रिंगा बनवण्याच्या कामात बरीच वर्षं गेली, त्यात नवीन पोरं, पंपवाले, मेंटेनन्सवाले, डिप्लोमाचे विद्यार्थी सगळे फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहून ठेवू. जिथे अडचण जास्त येते तिथे उत्तर लांबलंय, बाकी ठिकाणी थोडक्यात.

सिलिकॉन कार्बाइड खाणीतून निघतं का?

नाही, वापरात येतं ते सगळं माणसाने बनवलेलं. १८९१ मध्ये अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात एडवर्ड ॲचेसन कृत्रिम हिरा करायच्या नादात माती आणि कोक विजेने तापवत होता, त्यात त्याला चकाकते कडक स्फटिक मिळाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं मिश्रण आहे, म्हणून नाव दिलं कार्बोरंडम, जे आपल्याकडे धार लावायच्या दगडामुळे आजही लोकांच्या तोंडात आहे. पुढे १८९३ च्या सुमारास फ्रान्समधल्या हेन्री म्वासाँला उल्केच्या तुकड्यात नैसर्गिक स्फटिक सापडले, त्यांना मॉइसनाइट म्हणतात, पण ते इतके दुर्मिळ की कारखान्याच्या कामाचे नाहीत.

आजही पद्धत तीच आहे, वाळू आणि पेट्रोलियम कोक, मधून ग्रॅफाइटचा गाभा, त्यातून प्रचंड करंट, आणि आत २२०० डिग्रीच्या वर तापमान. आणि एक गोष्ट मला फार आवडते ती सांगतोच, याच भट्टीत माल जास्त तापला तर सिलिकॉन उडून जातं आणि मागे शुद्ध ग्रॅफाइट राहतं, हेही ॲचेसननेच ओळखलं आणि त्यावर वेगळा धंदा उभा केला. म्हणजे सिलिकॉन कार्बाइड आणि ग्रॅफाइट यांचं नातं आपण आज कॉम्पोझिट करून जोडलेलं नाही, ते पहिल्यापासूनच आहे.

भारतात ही पावडर बनते का?

दाणेदार माल बनतो, हो. कार्बोरंडम युनिव्हर्सलचा प्लांट केरळात कोराट्टीला आहे, ग्राइंडवेल नॉर्टनचा आंध्रात तिरुपतीला. ग्राइंडवेलची सुरुवात तर १९४१ ची आणि आपल्याच उरणजवळच्या मोऱ्याची. पण ग्राइंडिंग व्हीलचा दाणा वेगळा आणि सिंटरिंगची, म्हणजे दाबून भट्टीत न वितळवता भाजून घट्ट करायची, पावडर वेगळी, हे लक्षात ठेवा. सिंटरिंगला एक मायक्रॉनच्या खालची, ॲसिडने धुतलेली, कमी ऑक्सिजनची पावडर लागते, व्हीलवाली पावडर कितीही दाबा आणि तापवा, ती घट्ट होणार नाही.

पावडर दाबली आणि तापवली की झालं ना? सिंटरिंगचं एवढं काय?

ॲल्युमिनाचं तसं होतं. सिलिकॉन कार्बाइडचं होत नाही. यातले बॉन्ड इतके पक्के की अणू जागचे हलायलाच तयार नसतात, नुसतं तापवत गेलात तर कण एकमेकांना चिकटतात, जाड होतात, पण मधली भोकं तशीच राहतात आणि पीस आकसत नाही. आणि वितळवायचं म्हटलं तर साध्या दाबाला हे वितळतही नाही, २७०० डिग्रीच्या पुढे सरळ फुटून वाफ व्हायला लागतं.

यातून वाट काढली १९७० च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमध्ये स्वांते प्रोचाझकाने. त्याने अर्धा टक्का वगैरे बोरॉन आणि थोडा कार्बन घातला आणि वरून कुठलाही दाब न देता साध्या फर्नेसमध्ये माल ९५ टक्क्यांच्या पुढे घट्ट झाला. बोरॉनमुळे कणांच्या सीमेवरून अणूंची हालचाल सोपी होते आणि कार्बन प्रत्येक कणावरचं सिलिकाचं पातळ कातडं काढून टाकतो. दोघांपैकी एक जरी विसरलात तरी भट्टीतून खडूच बाहेर येणार.

कार्बन नक्की किती घालायचा? कोणी २ टक्के सांगतं, कोणी १२.

दोघंही बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या कार्बनबद्दल बोलतायत, आणि मी पाहिलेल्या निम्म्या गडबडी याच गोंधळातून झाल्यात.

पहिला कार्बन कामगार कार्बन. हा फिनोलिक रेझिनमधून येतो, प्रत्येक कणावर पातळ थर बसतो, भट्टीत सिलिकाशी रिॲक्शन करतो आणि कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. हिशोब सोपा आहे: पावडरवर सिलिका म्हणून जेवढा ऑक्सिजन, त्याच्या साधारण १.१ पट कार्बन. पावडरच्या सर्टिफिकेटवर ऑक्सिजन ०.६ टक्के असेल तर जवळपास ०.६८ टक्के कार्बन नुसता सफाईलाच गेला. वर थोडी शिल्लक हवी म्हणून लोक दीड ते अडीच टक्के धरतात. रेझिन जळून निम्म्याच्या आसपास कार्बन उरतो, म्हणजे २ टक्के कार्बन हवा तर ४ टक्के रेझिन. हे विसरून २ टक्के रेझिन घालणारे लोक मी बघितलेत आणि मग दोष पावडरीला देतात.

दुसरा कार्बन म्हणजे ग्रॅफाइट, मुक्कामी कार्बन. त्याने रिॲक्शन करायची नाहीये, त्याने तयार पीसमध्ये जिवंत राहून वंगणाचं काम करायचंय. तो ५ ते १५ टक्के असतो आणि त्याचे कण मोठे, ३० ते ७५ मायक्रॉन वगैरे. मोठा कण सफाई करू शकत नाही कारण तो सगळ्या पृष्ठभागापर्यंत पोचतच नाही, म्हणून "ग्रॅफाइट घातलंय ना, मग रेझिन कशाला" हे चालत नाही. दोन्ही लागतात, दोघांची कामं वेगळी.

पण ग्रॅफाइट हवंच कशाला? साधं सिंटर्ड एवढं चांगलं असताना?

चांगलंच आहे. कडकपणा मोहच्या मापात साडेनऊच्या आसपास, उष्णता पटकन वाहून नेतं, जवळपास सगळ्या ॲसिड-अल्कलीला पुरतं. साखर कारखान्याच्या ज्यूस पंपात उसाबरोबर आलेली माती-वाळू असते तिथे कार्बनची मऊ रिंग झिजून जाते, म्हणून दोन्ही बाजूंना सिलिकॉन कार्बाइड लावतात, कडक विरुद्ध कडक.

अडचण फक्त एकच, पाणी तुटलं की. पंप थोडा वेळ कोरडा चालला, सक्शनला हवा आली, लिक्विडची फेसवरच (फेस म्हणजे रिंगची घासणारी सपाट बाजू) वाफ झाली, की दोन कडक फेस एकमेकांवर घासतात, किंचाळल्यासारखा आवाज येतो, काही सेकंदांत फेस लाल तापतो आणि वरून गार पाणी आलं की तडकतो. ग्रॅफाइटचे कण असतील तर ते थोडे थोडे पुसले जाऊन फेसवर पातळ फिल्म बनते आणि तेवढा वेळ निभावतो. कण जिथून झिजतात तिथे छोटा खड्डा राहतो, त्यातही लिक्विड साठतं, तोही उपयोगाचाच.

मात्र ग्रॅफाइटला वंगण व्हायला थोडी तरी वाफ, ओल लागते. पूर्ण कोरड्या नायट्रोजनमध्ये किंवा व्हॅक्यूममध्ये तेच ग्रॅफाइट भुगा होऊन झिजतं. त्यामुळे "कायम कोरडं चालवा" असा अर्थ कोणी काढू नका, हे संकटापुरतं आहे.

ग्रॅफाइट घातलं की क्रॅक जातात, डेन्सिटी येत नाही. का?

हा खरा प्रश्न, आणि यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय.

कुंभाराला विचारा, मातीच्या गोळ्यात खडा राहिला तर काय होतं. माती वाळताना आकसते, खडा आकसत नाही, आणि खड्याभोवती भेग पडते. इथे अगदी तेच. मॅट्रिक्स, म्हणजे कणांभोवतीचं सिलिकॉन कार्बाइड, सिंटर होताना लांबीत १६-१७ टक्के आकसतो, ग्रॅफाइटचा कण तसूभर आकसत नाही. मॅट्रिक्स त्याला सगळीकडून आवळतो, कण दबत नाही, मग एक तर कणाभोवती गोल भेग जाते किंवा तेवढ्या भागात मॅट्रिक्स घट्टच होत नाही. कण जेवढा मोठा तेवढी भेग मोठी, आणि दोन कण जवळ आले तर त्यांच्या मधली भेग जोडली जाते आणि मग लीकेज टेस्टला रिंगमधून बुडबुडे.

उपाय दोन प्रकारचे. पहिला, कण बारीक करा. भेगा कमी होतात, ताकद सुधारते, पण फार बारीक केलात तर वंगणाचा फायदाही जातो, म्हणून त्याला मर्यादा आहे. दुसरा उपाय मला जास्त पटतो: कणही आकसणारा घ्यायचा. म्हणजे घट्ट भाजलेला ग्रॅफाइटचा खडा टाकण्याऐवजी बारीक ग्रॅफाइट आणि कार्बन रेझिनने बांधून त्याचे मऊसर कच्चे दाणे करायचे. भट्टीत रेझिन कार्बन होताना दाण्यात भोकं पडतात, दाणा थोडा स्वतः आकसतो आणि बाकीचं मॅट्रिक्सने दाबलं की आत दबतो. खड्याऐवजी ढेकूळ ठेवल्यासारखं.

मात्र हे दाणे मिक्सिंगमध्ये फुटता कामा नयेत. आम्ही एकदा दाणे बॉल मिलमध्येच टाकले सगळ्याबरोबर, रात्रभर फिरवलं, सकाळी सगळं एकजीव काळं पीठ, दाणा नावाला शिल्लक नाही. तेव्हापासून सिलिकॉन कार्बाइडची पावडर आधी स्प्रे ड्राय करायची (पाण्यात कालवून, फवारून वाळवायची) आणि कार्बनचे दाणे शेवटी कोरडेच हळू टंबलरमध्ये मिसळायचे, हा नियम.

पावडरपासून कच्च्या पीसपर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगाल?

पावडर, बोरॉनसाठी बोरॉन कार्बाइड, रेझिन, कण चिकटून राहावेत म्हणून थोडा पीव्हीए किंवा पीईजी बाइंडर, सगळ्याची पाण्यात किंवा सॉल्व्हंटमध्ये स्लरी. स्लरी स्प्रे ड्रायरमधून काढली की गोल, वाहते दाणे मिळतात, रव्यासारखे. ते डायमध्ये, म्हणजे साच्यात, भरून १०० एमपीएच्या आसपास दाबायचे, मोठा किंवा लांब पीस असेल तर रबराच्या पिशवीत सगळीकडून दाब देणारा आयसोस्टॅटिक प्रेस. कच्चा पीस खडूसारखा असतो, याच अवस्थेत लेथवर जेवढं मशिनिंग उरकता येईल तेवढं उरका. खाच, भोक, चॅम्फर, सगळं. भाजल्यावर त्याला फक्त हिराच लागतो आणि खरा खर्च तिथेच आहे.

फायनल साइज कसा धरायचा?

उदाहरण घ्या. कच्ची डेन्सिटी १.८६ आणि भाजल्यावर ३.१३ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, दोघांचा भागाकार करून घनमूळ काढलं की ०.८४ येतं. म्हणजे ५० एमएमची रिंग हवी तर कच्ची ५९.५ एमएम, वर ग्राइंडिंगचा अलाउन्स वेगळा.

आता बघा, प्रेसवर कोणी पावडर जरा कमी भरली आणि कच्ची डेन्सिटी १.८६ ऐवजी १.८३ आली, तर तीच रिंग ४९.७५ वर येते. पाव मिलिमीटर गेला. म्हणून मी प्रेस ऑपरेटरला सांगतो प्रत्येक पीसचं वजन घे, साइज तर डाय बघतेच, वजन तूच बघायचंस. एका रिंगच्या आतच डेन्सिटी कमीजास्त असेल तर रिंग लंबगोल होते, त्याला काही इलाज नाही. ग्रॅफाइटवाल्या ग्रेडचं आकसणं साध्यापेक्षा वेगळं येतं, एकच डाय दोन्हीला वापरू नका.

फर्नेस सायकलमध्ये कुठे चुकतं?

तीन जागी.

बाइंडर काढताना घाई. ६०० डिग्रीपर्यंत हळू जायचं, नाहीतर आतला गॅस पीस फोडून बाहेर येतो. जाड पीसला दुप्पट वेळ द्या, कंजुषी करू नका.

दुसरी, १४०० ते १६०० च्या दरम्यान. इथे कार्बन आणि सिलिकाची रिॲक्शन होऊन कार्बन मोनॉक्साइड निघतो. भोकं उघडी असेपर्यंतच तो बाहेर पडू शकतो, म्हणून इथे व्हॅक्यूममध्ये थांबायचं आणि प्रेशर पडलं की मगच पुढे जायचं. घड्याळ बघून नाही, गेज बघून.

तिसरी, सगळ्यात वर. २१०० ते २१५० च्या आसपास, आर्गॉनमध्ये. नायट्रोजन स्वस्त आहे म्हणून तोच शेवटपर्यंत चालवायचा मोह होतो, पण बोरॉनवाल्या मालाला नायट्रोजन सिंटर व्हायला अडवतो, बाइंडर काढण्यापुरता ठीक. पीस ग्रॅफाइटच्या झाकणाच्या डब्यात ठेवा, उघडे ठेवलेत तर बोरॉन उडून जातो आणि बाहेरचा थर कच्चा राहतो. आणि तापमान ५० डिग्रीने जरी पुढे गेलं तरी काही दाणे अचानक लांब पट्ट्यांसारखे वाढतात, डेन्सिटी छान दिसते पण ताकद गेलेली असते. आमच्याकडे एका वर्षी सलग तीन बॅच अशाच गेल्या, पावडर बदलली, बाइंडर बदलला, काही फरक नाही. शेवटी कळलं पायरोमीटरच्या (उजेडावरून तापमान मोजणाऱ्या यंत्राच्या) काचेवर भट्टीतल्या वाफेचा थर बसला होता, त्याला आतला उजेड कमी दिसायचा म्हणून तो कमी तापमान दाखवायचा आणि कंट्रोलर बिचारा भट्टी अजून तापवायचा. आता दर बॅचला काच पुसतो, वहीत सही.

आमच्या ग्रॅफाइटवाल्या मालाची डेन्सिटी ३.०० च आली. रिजेक्ट करायची का?

आधी तुलना कशाशी करताय ते बघा. ३.२१ ही शुद्ध सिलिकॉन कार्बाइडची. वजनाने १० टक्के ग्रॅफाइट घातलं तर शंभर टक्के घट्ट पीसचीही डेन्सिटी ३.०७ च येते. म्हणजे ३.०० हे जवळपास ९८ टक्के झालं, उत्तम माल आहे. आणि वजनाचे १० टक्के म्हणजे आकारमानाने जवळपास १४ टक्के, ग्रॅफाइट हलकं असल्यामुळे. मायक्रोस्कोपखाली काळे ठिपके जास्त दिसतात म्हणून घाबरून जाऊ नका.

रिॲक्शन बॉन्डेड स्वस्त मिळतं, ते का नको?

बऱ्याच ठिकाणी ते चालतं आणि मी स्वतः सुचवतो. त्यात सिलिकॉन कार्बाइड आणि कार्बनच्या कच्च्या पीसमध्ये वितळलेलं सिलिकॉन शोषून घेतात, कार्बनचं सिलिकॉन कार्बाइड होतं आणि उरलेल्या भोकांत सिलिकॉन भरून राहतं. आकसणं एक टक्क्याच्याही आत, त्यामुळे मोठे, वाकडेतिकडे पीस सहज होतात. पण ते राहिलेलं ८ ते १५ टक्के सिलिकॉन हाच कच्चा दुवा. कॉस्टिक सोड्याच्या पंपात लावलंत तर कॉस्टिक सिलिकॉन खाऊन टाकतं, फेस जाळीसारखा होतो आणि लोक म्हणतात सिरॅमिक खराब निघालं. सिलिकॉन १४१४ डिग्रीला वितळतं, त्यामुळे भट्टीतल्या कामालाही त्याच्या खालीच थांबायचं. बघून दोन्ही सारखेच काळे दिसतात, ऑर्डरवर ग्रेड लिहून घ्या.

गाड्यांच्या कार्बन सिरॅमिक ब्रेक डिस्क हेच असतं का?

नात्यातलं, पण वेगळं. तिथे कार्बनचे तंतू असतात, रेझिनमध्ये बसवून, भाजून, मग त्यात वितळलेलं सिलिकॉन शोषवतात. तंतूंमुळे तडा गेला तरी पुढे पळत नाही. पोर्शेने २००१ च्या सुमारास गाडीत आणल्यावर हे नाव सगळ्यांना कळलं. आपल्या सील रिंगमध्ये तंतू नाहीत, दाणे आहेत, त्यामुळे आपटली तर फुटणारच.

हवेत किती तापमानाला चालेल?

साधं सिंटर्ड १५०० च्या आसपास आरामात, वर सिलिकाचा थर बसून तो स्वतःचं रक्षण करतो. ग्रॅफाइटवालं मात्र नाही, हवेत ५०० च्या आसपास वरचं ग्रॅफाइट जळायला लागतं. बर्नर नोझलला ग्रॅफाइटवाली ग्रेड लावू नका.

लॅपिंग (फेस घासून सपाट करणं) किती फ्लॅट करायचं?

सील फेसला साधारण दोन ते तीन लाइट बँड, म्हणजे सपाटपणा तपासताना दिसणाऱ्या उजेडाच्या पट्ट्या. हेलियमच्या उजेडात एक बँड म्हणजे ०.२९ मायक्रॉन. डायमंड पेस्टने लॅप करताना ग्रॅफाइटचे कण आजूबाजूच्या मॅट्रिक्सपेक्षा लवकर झिजतात, म्हणून शेवटचा पॉलिश लांबवू नका, खड्डे खोल होतात.

एवढं घट्ट तर मोठे पीस होतच नसतील?

होतात. हर्शल दुर्बिणीचा साडेतीन मीटरचा आरसा सिंटर्ड सिलिकॉन कार्बाइडचाच होता, फ्रान्समध्ये बूस्टेकने बारा पाकळ्या वेगळ्या भाजून, ब्रेझिंगने जोडून केलेला, २००९ मध्ये अंतराळात गेला. एकसंध मोठा पीस भाजण्यापेक्षा तुकडे जोडणं हे शहाणपणाचं, आणि त्या आरशाचा फोटो मी आमच्या शॉपमध्ये लावलाय.

सेफ्टीचं काय बघायचं?

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, फर्नेसजवळ डिटेक्टर हवाच, आणि व्हॅक्यूम पंपाचा एक्झॉस्ट बाहेर सोडा. आर्गॉन हवेपेक्षा जड, फर्नेसच्या खड्ड्यात साठतो, ऑक्सिजन मोजल्याशिवाय खाली उतरायचं नाही, एकट्याने तर कधीच नाही. रेझिनचा धूर डोळे झोंबवतो, तो स्क्रबरला जोडा. ग्रॅफाइटची धूळ वीज वाहते, पॅनेलमध्ये शिरली की शॉर्ट सर्किट, म्हणून मिक्सिंग रूमचं पॅनेल भिंतीच्या पलीकडे ठेवा.

शिकायचं असेल तर कुठे?

सिरॅमिक इंजिनिअरिंग म्हणून आयआयटी बीएचयू आणि एनआयटी राउरकेला. आपल्याकडे पुण्याचं सीओईपी, नागपूरचं व्हीएनआयटी, आयआयटी बॉम्बे इथे मेटलर्जी आणि मटेरियल्स आहे, त्यातून येणारी मुलं लवकर तयार होतात असा माझा अनुभव. संशोधनाला हैदराबादचं एआरसीआय आणि कोलकात्याचं सीजीसीआरआय. डिप्लोमावाल्यांनीही बिचकू नये, प्रेस आणि फर्नेस हाताळलेला मुलगा किंवा मुलगी मला पुस्तकी पदवीइतकीच मोलाची वाटते.

कच्चा माल तुटला तर परत वापरता येतो?

भाजण्याआधीचा हो, दळून थोड्या प्रमाणात नव्या मालात मिसळता येतो, पण ग्रॅफाइटवाला आणि साधा भंगार वेगळ्या डब्यात. भाजलेला परत सिंटर होत नाही.

रिंग हातातून पडली, दिसायला चांगली आहे. लावू का?

दोऱ्याला टांगून दुसऱ्या छोट्या तुकड्याने हळूच वाजवा. चांगली रिंग घंटेसारखी बराच वेळ वाजते, तडा असेल तर आवाज बोदा येतो. ग्रॅफाइटवाली मुळातच जरा कमी वाजते, म्हणून तिची तुलना नव्या ग्रॅफाइटवाल्या रिंगशीच करा. शंका वाटली तर डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा रंग) टाकून बघा, पण ग्रॅफाइटच्या खड्ड्यांतही रंग अडकतो, तेव्हा ठिपके सोडून फक्त रेघ शोधा. रेघ दिसली तर रिंग बाजूला काढा, पंपात बसवू नका.